उजव्या बाजूची दोन बटणे

३ ऑक्टोबर, गुरुवार

ही वही दादाच्या औषधांच्या वेळा लिहायला आणली होती. औषधे तीन पानांत संपली आणि बाकीची वही कोरी राहिली. कोरी वही घरात पडून राहिली की मला चैन पडत नाही, म्हणून आजपासून रोजचे लिहीन. शब्द अडला तर शब्दकोश आहे. नववीतून शाळा सोडलेल्याची वही, असे कुणी म्हणता कामा नये.

अपघाताला आज बावीस दिवस झाले. दादाच्या उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला आहे. चार बोटे मुळापासून गेली. पट्टी परवा निघाली. दादा तो हात खिशात ठेवतो आणि घरात खिसा नसतो तेव्हा उशीखाली.

संध्याकाळी फिटर आला. आमच्या कारखान्यातल्या सगळ्या प्रेसची, पत्रा दाबून घडवायच्या यंत्रांची, देखभाल तोच करतो, म्हणजे करत होता. अपघातापासून त्याला घरी बसवले आहे. दादा आणि तो शाळेपासूनचे मित्र. त्याच्या पिशवीत एक जुने खेळाचे यंत्र होते, टीव्हीला जोडायचे, आणि त्याची डबीसारखी एकच गेमची कॅसेट. कुणाच्या तरी माळ्यावर बिघडून पडले होते, फिटरने खोलून चालू केले. शाळेत असताना दोघे दुकानात उभे राहून हाच गेम खेळायचे. तिसऱ्या टप्प्याच्या पुढे तेव्हा कुणीच गेले नव्हते म्हणे.

यंत्र जोडून झाल्यावर फिटर सुतकात बसावे तसा बसला. मग म्हणाला की प्रेसला वर अडवून धरणाऱ्या क्लचची स्प्रिंग बदलायला आली होती, ती त्याने पुढच्या आठवड्यावर ढकलली होती. म्हणूनच प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली असणार. दादा नुसते ‘असेल’ म्हणाला. मी चहा आणायला आत गेलो.

चौकशी तीस तारखेला आहे. माझा जबाब मी तेव्हाच लिहून दिला आहे. बटण दाबलेले नसताना प्रेस खाली आली, असे त्यात आहे. अक्षर चांगले आहे म्हणून सुपरवायझरने तो दोनदा वाचला.

५ ऑक्टोबर, शनिवार

दादाने आज एका हाताने खेळून पाहिले. हातात धरायच्या त्या पट्टीवर डाव्या बाजूला चालायची चार दिशांची कळ आहे आणि उजव्या बाजूला दोन बटणे, एक उडीचे, एक वार करायचे. डाव्या हाताने माणूस चालवला तर उडी मारायला कुणी नाही. दादाने पट्टी मांडीवर ठेवून अंगठ्याने बटण दाबायचा प्रयत्न केला. पट्टी घसरून खाली पडली. पाच वेळा पडली. वहिनी कणीक मळत होती, ती हात न धुताच मागच्या दारी गेली.

मग दादाने मला हाक मारली. तो मला मास्तर म्हणतो, माझ्या अक्षरावरून. म्हणाला, “मास्तर, इकडे ये. आजपासून तू माझा उजवा हात.” आणि हसला. मला हसता आले नाही.

खांद्याला खांदा लावून बसायचे. पट्टीची डावी बाजू त्याने धरायची, उजवी मी. उडी कधी मारायची ते तो सांगणार. शब्द ठरवायची गरज पडली नाही. प्रेसवर आमचा जो होता तोच, ‘हं’.

६ ऑक्टोबर, रविवार

गेम असा. डोक्याला लाल फडके बांधलेला एक माणूस डावीकडून उजवीकडे जातो. दादा त्याला हमाल म्हणतो, कारण कितीही मार बसला तरी पुढेच जायचे असते. एकूण सहा टप्पे. तीन जीव. तीनही गेले की पहिल्यापासून. मध्ये थांबून उद्या पुढे खेळू असे नाही, यंत्र बंद केले की सगळे पुसले जाते. सगळ्यात वाईट म्हणजे पक्षी. पक्षी चाटून गेला तरी हमाल दोन पावले मागे फेकला जातो आणि मागे बहुतेक वेळा खड्डाच असतो.

फिटर म्हणाला होता की हा गेम बनवणाऱ्याला बायकोने घराबाहेर काढलेले असणार.

आज एकतीस वेळा मेलो. एकतीसही वेळा पहिल्याच टप्प्यात.

९ ऑक्टोबर, बुधवार

कारखान्यातून आल्यावर साडेपाच ते सात खेळतो. पहिला टप्पा आज पार झाला. दादाने डाव्या हाताने माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की मला ठसका लागला. वहिनी म्हणाली, दोन घोडे मिळून एक गाढव हाकतायत आणि त्याचाच केवढा आनंद. पण दारात उभी राहून बघत होती. चार आठवड्यांत दादाने पहिल्यांदा दुसरी भाकरी मागून घेतली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दुसरा टप्पा. सोप्या जागी मी चांगला खेळतो. अवघड जागा आली की आधीच घाम फुटतो आणि बोट ओले होते. फडके जवळ ठेवले आहे.

फिटर पुन्हा आला होता. तो फार येतो. चौकशीत देखभालीचा दोष ठरला तर त्याला काढून टाकतील आणि नावापुढे असा शेरा लागलेल्या फिटरला दुसरा कुठला कारखाना प्रेसला हात लावू देत नाही. हे तो तक्रार म्हणून सांगत नाही. हवामान सांगावे तसे सांगतो. जाताना दादाच्या पायांकडे बघून म्हणाला, मला जे व्हायचं ते होऊ दे गड्या, तुझा हात काही परत यायचा नाही.

मला त्याचे येणे आवडत नाही. माणसाने आपल्या चुकीचे एवढे प्रदर्शन करू नये. स्प्रिंग ढकलली होती हे खरेच आहे, त्याच्या रजिस्टरमध्ये तारीख आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तिसरा टप्पा. दुसरा खड्डा मोठा आहे आणि पलीकडून पक्षी येतो. पक्षी अगदी अंगावर येऊ द्यायचा, तो वर वळला की त्याच्या खालून उडी. एक श्वास आधी उडी मारली तर पक्षी हवेत धडकतो आणि हमाल खड्ड्यात. एक श्वास उशीर झाला तर जागेवरच धडक बसते, पण तिथे मागे सपाट जमीन आहे, म्हणून मरत नाही. म्हणजे उशीर परवडतो. घाई परवडत नाही.

सतरा वेळा मेलो. सतराही वेळा खड्ड्यात.

शेवटच्या वेळी दादा पडद्याकडे बघतच म्हणाला, “मी म्हटलं का?”

मी म्हटले, काय.

“हं म्हटलं का मी?”

मी म्हटले की मला ऐकू आल्यासारखे वाटले. यंत्र बंद करायला त्यानेच हात पुढे केला, चुकून उजवा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

प्रेसचे नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे कुणी वाचले तर समजेल.

प्रेसला दोन बटणे असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली येते. हेतू असा की एका माणसाचे दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये, म्हणजे पत्रा ठेवायच्या साच्यात, हात असू शकत नाही. पण एकट्याने पत्रा ठेवा, दाबा, काढा, असे केले तर दिवसाचे काम होत नाही. म्हणून आमच्याकडे सगळेच जोडीने चालवतात. एक जण पत्रा ठेवतो आणि हात काढून ‘हं’ म्हणतो. दुसरा दोन्ही बटणे दाबतो. सुपरवायझरला माहीत आहे, मालकालाही. मला दादानेच शिकवले. पहिल्या दिवशी म्हणाला होता, “मी म्हणेपर्यंत बटणावर हात नुसते ठेवायचे. ठेवायचे म्हणजे ठेवायचे.” दोन वर्षे चार महिने आम्ही जोडीने काम केले आणि कधी काही झाले नाही.

हे सगळे जबाबात लिहिले नाही, कारण विचारले नव्हते.

२० ऑक्टोबर, रविवार

सुट्टी म्हणून सकाळी बसलो. दादाने आज फक्त त्या खड्ड्यापर्यंत जायचे आणि तीच उडी मारायची असे ठरवले. पुढे जायची घाई नाही म्हणाला. तीन जीव संपले की तिथे पुन्हा पोचायला पंधरा मिनिटे लागतात.

दादा म्हणाला, तू लिहितोसच तर नीट लिही, प्रत्येक उडीला खूण कर. त्याच्या ‘हं’आधी बटण दाबले तर फुली, नंतर दाबले तर बरोबरची खूण. दोघांनी मिळून ठरवायचे, भांडण नाही.

दिवसभरात तेवीस उड्या. फुल्या एकोणीस.

दुपारनंतर दादा पडद्याकडे बघत नव्हता, माझ्या अंगठ्याकडे बघत होता. त्यामुळे हमाल दोनदा चालता चालता आपणहून खड्ड्यात गेला. त्या दोन मी मोजलेल्या नाहीत.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मी विचार केला. यंत्र जुने आहे, बटणाच्या आत रबर असते, ते चिकट झाले तर बोट नुसते ठेवले तरी दाबले जाणार. असे होऊ शकते. दादाला सांगितले की माझा अंगठा नुसता ठेवलेला असतो, बटणच आपोआप दाबले जाते.

दादाने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, “बरं. दाखवू फिटरला.”

आजच्या उड्या अकरा, फुल्या नऊ.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

फिटर हत्यारांची पेटी घेऊनच आला. आपले काही काम निघाले याचाच त्याला आनंद झालेला दिसत होता. पट्टी उघडली, पाच स्क्रू वहिनीच्या ताटलीत ओळीने ठेवले, रबर काढून स्पिरिटने पुसले, टोकदार चिमट्याने रबराखालची जागा दाबून पाहिली. घाई अजिबात नाही. त्याचे काम बघत राहावे असे असते, हे मला मान्य केले पाहिजे.

सगळे परत बसवून त्याने उडीच्या बटणावर एक नाणे ठेवले. काही झाले नाही. दोन ठेवली. काही झाले नाही. पाच नाण्यांची चवड ठेवली तेव्हाही हमाल जागेवरच उभा.

फिटर म्हणाला, “ठणठणीत आहे. बोट ठेवल्यानं काही होत नाही. दाबावं लागतं.”

दादाने विचारले, “आपोआप नाही होणार?”

“बटण आपोआप कसं दाबलं जाईल, गड्या? कुणीतरी दाबल्याशिवाय?”

तो हे गेमबद्दलच बोलत होता. नाणी गोळा करून त्याने वहिनीला ताटली परत दिली. दादा भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटले. फिटरला वाटले की हात दुखतोय, तो लगेच उठला. त्याला दारापर्यंत सोडायला दादा स्वतः गेला, आणि बाहेर दोघे उभे राहिले. खिडकीतून मला दिसत होते. दादाने डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता.

आज खेळलो नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दादाच्या सदऱ्याची बटणे लावत होतो. रोज मीच लावतो, वहिनी तेव्हा डबा करत असते. तिसऱ्या बटणाशी असताना तो म्हणाला,

“त्या दिवशी मी हं म्हटलं होतं?”

मी म्हटले की प्रेस आपोआप खाली आली.

“ते नाही विचारलं.”

मी म्हटले की मला आठवत नाही. आवाज फार होता. तो म्हणाला की आवाज रोजच असतो. मग त्याने वहीची पाने उलटवायला सांगितली, मी वीस तारखेचे पान काढून दिले. उभ्या उभ्या सगळ्या फुल्या त्याने बोट फिरवून मोजल्या. मी बेरीज खाली लिहिली होती तरी मोजल्या.

वही परत देताना म्हणाला, “अक्षर छान आहे तुझं.”

राहिलेली बटणे त्याने डाव्या हाताने लावली. वेळ लागला. मी समोर उभाच होतो.

३० ऑक्टोबर, बुधवार

चौकशी झाली. सगळे क्रमाने लिहितो.

कार्यालय पहिल्या मजल्यावर. लांब टेबल, वर काच, काचेखाली जुने परिपत्रक. चौकशी करणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. आवाज चढवत नाहीत. फिटर टोकाच्या खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून. सुपरवायझर त्याच्या शेजारी. मी दादाच्या डावीकडे.

आधी फिटरला विचारले. त्याने स्प्रिंगचे सांगितले, न विचारताही सांगितले. बाईंनी विचारले की स्प्रिंग ढिली असेल तर प्रेस दुबार येतेच का. तो म्हणाला, येऊ शकते. नंतर तपासली तेव्हा आली का? तो म्हणाला, चाळीस वेळा चालवली, एकदाही आली नाही, पण माझ्या मनाची खात्री नाही.

मग दादा. त्याने उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. इतक्या दिवसांत बाहेरच्या लोकांसमोर पहिल्यांदाच. म्हणाला, “प्रेसचा दोष नाही. मी हात काढायच्या आधीच हं म्हटलं. याने ऐकलं आणि दाबलं. चूक माझी.”

बाईंनी माझा जबाब काढला. म्हणाल्या, यात तर बटण दाबलेच नव्हते असे लिहिले आहे. मी बोलायच्या आत दादा म्हणाला की ते त्यानेच मला दवाखान्यातून लिहायला सांगितले होते, पोरगा घाबरलेला होता, म्हणून त्याने ऐकले. दादा तेव्हा शुद्धीवर नव्हता. तारखा बाईंसमोरच होत्या, पण त्यांनी पाहिल्या नाहीत.

त्या मला म्हणाल्या, “तुम्ही सांगा. यांनी हं म्हटलं होतं?”

मी दादाकडे पाहिले. तो काचेखालचे परिपत्रक वाचत होता. सगळे माझ्या एका शब्दासाठी थांबले होते. फिटरही. त्याच्या चेहऱ्यावर काही समजल्याचे दिसत नव्हते.

मी म्हटले, “हो. म्हटलं होतं.”

बाईंनी लिहिले. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. वाचून दाखवले आणि सही मागितली. दादाने डाव्या हाताने सही केली, पहिलीच. लहान मुलाची असते तशी आली. या शेऱ्यानंतर कारखाना त्याला हलके कामही देणार नाही, हे सुपरवायझरने जिन्यात सांगितले, वाईट वाटल्यासारखे करून.

बाहेर फिटर दादाच्या गळ्यात पडून रडला. पुन्हा पुन्हा म्हणत होता, “असं कसं केलंस रे, तू तर कधी घाई करत नाहीस.” दादा म्हणाला, “झालं एकदा.”

घरी येताना रस्ता ओलांडायला मी नेहमीप्रमाणे दादाच्या उजव्या बाजूला गेलो. तो थांबला, मला पुढे जाऊ दिले आणि मग आला.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

एकदाच लिहितो, खाडाखोड न करता.

त्याने ‘हं’ म्हटले नव्हते. पत्रा एका कोपऱ्यात अडकला होता आणि तो सरळ करत होता. मागचा गठ्ठा साचत चालला होता. सुपरवायझर दोनदा येऊन गेला होता. मला वाटले की आता म्हणेल. म्हणणारच आहे असे वाटले. त्याचे तोंड उघडलेले दिसले. नंतर कळले की ते मला थांब म्हणायला उघडले होते.

माझे तेच होते. होणार आहे असे वाटले की मला ते झाल्यासारखे वाटते.

२ नोव्हेंबर, शनिवार

फिटर काल कामावर रुजू झाला. त्याने सगळ्यात आधी माझ्या प्रेसची स्प्रिंग बदलली. मला नवा जोडीदार दिला आहे. मी सुपरवायझरला सांगितले की मला पत्रा ठेवायचे काम द्या, बटणांवर दुसऱ्याला बसवा. तो म्हणाला, भावाचे बघूनही तुला हात आत घालायचेत, तू धीट आहेस. इतर जोड्यांतल्यांनाही तसेच वाटते. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी माझी पाठ थोपटली.

साडेपाचला घरी आलो आणि टीव्हीसमोर माझ्या जागेवर बसलो. दादा कॉटवर होता. म्हणालो, बसायचे का. तो म्हणाला, “आता तू नको.”

रागाने म्हणाला नाही. चहाला नको म्हणावे तसे म्हणाला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज लवकर सुटलो. दार लोटलेले होते, बाहेरच्या खोलीत कुणी नव्हते. आतून गेमचा आवाज येत होता. तिसरा टप्पा, संगीत ओळखीचे. मधल्या दाराचा पडदा ओढलेला होता.

वहिनी विचारत होती, आता का? दादा म्हणत होता, थांब. आता? थांब. मग ‘हं’. मग बटणाचा आवाज. तिला गेममधले काही कळत नाही, पक्षी कुठला आणि खड्डा कुठला हेही तिने दोनदा विचारले. एकदा तर ‘हं’ म्हटल्यावर तिने विचारले, दाबू ना नक्की? आणि हमाल धडकून मागे पडला. दादा हसला. मोठ्याने हसला. म्हणाला, उशिरानं काही मरत नाही, चल पुन्हा.

मी बूट न काढता उभा राहिलो. खड्डा आला तेव्हा मला कळले, कारण तिथे ढोल दोनदा वाजतो. माझा अंगठा हलला. मी हात खिशात घातला.

बराच वेळ काहीच आवाज नाही. मग ‘हं’. मग बटण.

मग संगीत बदलले. हे मी कधी ऐकले नव्हते. आधीच्यापेक्षा संथ आहे, पाण्याच्या कडेने चालल्यासारखे. वहिनी म्हणाली, अगंबाई, हे काय झाले? दादा रडत असावा, किंवा नुसता बसला असेल. पडद्याच्या या बाजूने सांगता येत नाही.

वहिनी पाणी प्यायला बाहेर आली आणि मला बघून दचकली. “भावोजी, कधी आलात? आत या ना.”

मी म्हटले, आत्ताच आलो.

मी आल्यापासून तिने बटण चौदा वेळा दाबले. चौदाही वेळा ‘हं’ नंतर.